मेमरी क्लिनिकचा अनुभव : निदानात चोख, पुढच्या काळजीत अपुरे

वडिलांचा विसराळूपणा वयाचा आहे की आजाराचा, हा प्रश्न घेऊन आम्ही ज्या मेमरी क्लिनिकमध्ये गेलो आणि आजही जातो, त्या सेवेविषयीचा हा अभिप्राय आहे. क्लिनिकचे आणि तेथील न्यूरोलॉजिस्टचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एका कुटुंबाच्या अनुभवावरून कोणाची शिफारस करणे किंवा कोणाला नाकारणे मला रास्त वाटत नाही. शिवाय डिमेन्शियासाठी डॉक्टर शोधताना नेमके काय पाहावे हे कळले, तर प्रत्येकाला आपल्या जवळच्या सेवेला तेच निकष लावून पाहता येतील. माझे मत आधीच सांगते. निदानाच्या बाबतीत हे क्लिनिक अत्यंत काळजीपूर्वक काम करते, औषधांबाबत ते खोटी आशा लावत नाही, मात्र निदानानंतर सुरू होणाऱ्या वर्षानुवर्षांच्या काळजीसाठी त्याची तयारी अपुरी आहे.

सेवेकडे वळण्यापूर्वी आजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण तो समजल्याशिवाय डॉक्टर योग्य दिशेने चालले आहेत की नाही हे आपल्याला कळत नाही. डिमेन्शिया हा एकच एक आजार नाही. स्मृती, भाषा, निर्णयक्षमता, दिशांचे भान किंवा वागणूक यांपैकी काही गोष्टी इतक्या खालावतात की रोजचे व्यवहार स्वतंत्रपणे करता येत नाहीत, अशा अवस्थेला ते नाव आहे आणि ती अवस्था निरनिराळ्या आजारांमुळे येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि त्यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये अल्झायमरचा वाटा असू शकतो. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये ज्या महिलेची हकिकत सहकाऱ्यांसमोर मांडली, तिने रुग्णालयात दाखल होताना नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. म्हणजे या आजाराची पहिली नोंदच म्हातारपणाच्या आपल्या कल्पनेत न बसणारी होती. अल्झायमरखेरीज मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधील बिघाडामुळे होणारा डिमेन्शिया, मेंदूच्या पेशींत लेवी बॉडी नावाचे प्रथिनांचे गोळे साचून होणारा लेवी बॉडी डिमेन्शिया आणि मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांना ग्रासणारा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया हे प्रमुख प्रकार आहेत, आणि उतारवयात यांपैकी दोन एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही. हा फरक ओळखण्याला फार महत्त्व आहे, कारण एका प्रकारात चालणारे औषध दुसऱ्या प्रकारात निरुपयोगी किंवा सरळ घातक ठरू शकते.

या क्लिनिककडे आम्ही वळलो ते आधीच्या एका सल्ल्याने समाधान झाले नाही म्हणून. तेथे वडिलांना तारीख-वार विचारून झाले, एमआरआयच्या फिल्म दिव्यासमोर धरून पाहून झाल्या, मेंदू वयोमानाप्रमाणे थोडा आकसला आहे असे सांगून डॉक्टरांनी डोनेपेझिल हे स्मृतीसाठीचे औषध लिहून दिले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. घरच्यांना काय दिसते आहे, बदल केव्हापासून आहे, सुरुवात कशाने झाली, यातले काहीही त्यांनी विचारले नाही. डोनेपेझिल हे औषध चुकीचे होते असे माझे म्हणणे नाही. ते पुढेही चालू राहिले. परंतु कोणत्या आजारासाठी ते दिले हे डॉक्टरांना स्वतःलाही सांगता आले नसते, अशी माझी समजूत आहे.

डॉक्टर शोधताना पहिला गोंधळ होतो तो कोणाकडे जावे याचा. डिमेन्शियाचे रुग्ण न्यूरोलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ आणि वृद्धरोगतज्ज्ञ असे तिघेही पाहतात, आणि तिघांपैकी ज्याला या विषयाची खरी आवड आहे तो उरलेल्या दोघांपेक्षा बरा, असे म्हणावेसे वाटते. तरीही काही परिस्थितींमध्ये न्यूरोलॉजिस्टला पर्याय नाही : वय ६५ पेक्षा कमी असणे, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने घसरण होणे, चालीत बदल किंवा हातापायांत ताठरपणा येणे, फिट येणे, नसलेली माणसे किंवा प्राणी दिसणे, आणि स्मरणशक्ती शाबूत असताना शब्द सापडेनासे होणे किंवा स्वभावच पालटणे. न्यूरोलॉजिस्ट म्हटले की सगळे सारखे, असेही नाही. कोणी पक्षाघातात मुरलेले असतात, कोणी अपस्मारात, कोणी डोकेदुखीत. त्यामुळे वेळ ठरवण्यापूर्वी फोनवरच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. स्मृतीच्या रुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे का, पहिल्या भेटीला किती वेळ ठेवतात, घरच्या व्यक्तीशी रुग्णाच्या अपरोक्ष बोलण्याची सोय आहे का, आणि सविस्तर मानसशास्त्रीय चाचण्या घेणारी व्यक्ती तेथे आहे का, या प्रश्नांची उत्तरे ऐकूनच बरेच काही समजते. या क्लिनिकमध्ये फोन उचलणाऱ्या व्यक्तीने पहिल्या भेटीला वेळ लागेल म्हणून सकाळची वेळ घ्या आणि रुग्णासोबत राहणारी व्यक्ती बरोबर आणा, असे न विचारताच सांगितले, तेव्हाच मला थोडा धीर आला.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी वडिलांशी आधी बोलणे सुरू केले, आमच्याशी नंतर. ही बाब लहान वाटेल, परंतु बहुतेक ठिकाणी डॉक्टर रुग्णाच्या डोक्यावरून नातेवाइकांशी बोलतात आणि रुग्ण स्वतःविषयीची तक्रार मुकाट्याने ऐकत बसतो. येथे डॉक्टरांनी वडिलांना त्यांच्या नोकरीविषयी, दिनक्रमाविषयी, हल्ली कशाचा त्रास वाटतो याविषयी विचारले, आणि त्यांची उत्तरे कोठे अडखळतात, कोठे ते मदतीसाठी आईकडे वळून पाहतात, हे त्या टिपत होत्या. त्यानंतर वडिलांना चाचणीसाठी शेजारच्या खोलीत नेले आणि आई व मी यांच्याशी त्या सविस्तर बोलल्या.

त्या संभाषणातले प्रश्न मी येथे मुद्दाम नोंदवते, कारण डॉक्टरची पारख मला त्यावरूनच करता आली. पहिली बिघडलेली गोष्ट कोणती : नावे, रस्ते, हिशेब, की वागणूक? घसरण उतारासारखी सलग आहे की पायऱ्यांसारखी, म्हणजे एकदम खाली येऊन मग काही काळ स्थिर? दिवसादिवसांत फार चढउतार होतो का, एखाद्या दिवशी अगदी पूर्वीसारखे आणि दुसऱ्या दिवशी गुंगीत असल्यासारखे? झोपेत ओरडणे, हातपाय झाडणे, स्वप्नाप्रमाणे कृती करणे असे होते का, आणि ते विसराळूपणाच्या किती आधीपासून? पडतात का? लघवीवरचा ताबा केव्हा गेला, स्मृती बिघडण्याच्या आधी की नंतर? ऐकू कसे येते? मन उदास असते का, जगण्यात रस उरला नाही असे म्हणतात का? मद्यपान? डोक्याला मार? प्रत्येक प्रश्नामागे एक वेगळा आजार उभा होता. पायऱ्यांसारखी घसरण रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवते. झोपेतली झटापट, दिसणारे भास आणि रोजचा चढउतार लेवी बॉडीकडे. मंद, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा सुटलेला ताबा आणि विसराळूपणा ही तिन्ही लक्षणे एकत्र आली तर मेंदूतील द्रव साचण्याच्या विकाराकडे, ज्यात शस्त्रक्रियेने नळी बसवून काही रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा होते. नैराश्याने आलेला विसराळूपणा तर हुबेहूब डिमेन्शियासारखा दिसू शकतो.

मग आली औषधांची पिशवी. ती आणायला क्लिनिकने आधीच सांगितले होते, आणि चिठ्ठ्या नकोत, प्रत्यक्ष गोळ्याच आणा, असा आग्रह होता. त्या पिशवीतूनच सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाहेर पडली. डोनेपेझिल सुरू झाल्यानंतर वडिलांना लघवीची घाई होऊ लागली होती आणि त्यासाठी वेगळ्या डॉक्टरांनी त्यांना ऑक्सिब्युटिनिन दिले होते. डोनेपेझिल मेंदूतील ॲसिटिलकोलिन या रसायनाचे विघटन रोखून त्याचे प्रमाण वाढवते, आणि ऑक्सिब्युटिनिन त्याच रसायनाचे काम अडवते. म्हणजे एका औषधाचा दुष्परिणाम आवरण्यासाठी दिलेले दुसरे औषध पहिल्याचा उपयोगच पुसून टाकत होते आणि वर स्मृतीला स्वतंत्रपणे बाधा आणत होते. त्याच पिशवीत सर्दीसाठी अधूनमधून घेतली जाणारी क्लोरफेनिरामिनची गोळी होती, तिचाही परिणाम त्याच जातीचा. झोपेच्या गोळ्यांविषयीही त्यांनी खोदून विचारले. ऑक्सिब्युटिनिन व सर्दीची गोळी बंद झाली, डोनेपेझिलची मात्रा तात्पुरती कमी झाली, आणि पुढच्या काही आठवड्यांत वडील जरा जास्त जागे, जास्त हजर वाटू लागले. ही आजारातील सुधारणा नाही, अडथळा दूर झाल्याचा परिणाम आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले. माझ्या दृष्टीने या सेवेची किंमत एवढ्यातच वसूल झाली.

चाचण्यांविषयी लिहिण्यासारखे बरेच आहे. स्मृती तपासणाऱ्या दोन प्रचलित चाचण्या प्रत्येकी ३० गुणांच्या आहेत : १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली एमएमएसई आणि २००५ मध्ये आलेली मोका. मोकामध्ये साधारणपणे २६ किंवा त्याहून अधिक गुण सामान्य धरतात आणि शिक्षण १२ वर्षे किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. येथे चाचणी वडिलांच्या मातृभाषेत झाली, त्यांनी चष्मा लावला आहे आणि कानातले यंत्र चालू आहे याची खात्री करूनच झाली, आणि घाई अजिबात नव्हती. घड्याळाचे चित्र काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितल्यावर वडिलांनी आकडे नीट लिहिले, काटे मात्र दहा आणि अकरा यांच्यावर ठेवले; या एका चुकीतून नियोजन आणि अमूर्त विचार यांची अवस्था कशी कळते, हे मानसशास्त्रज्ञ बाईंनी आम्हाला नंतर उलगडून सांगितले. गुणसंख्येवर निदान होत नाही, हेही त्यांनी बजावले. उच्चशिक्षित माणूस आजार असूनही चांगले गुण मिळवू शकतो, आणि शाळेत न गेलेली निरोगी व्यक्ती कमी गुण मिळवू शकते. गुण कमी आहेत पण स्वतःचे व्यवहार माणूस सांभाळतो आहे, अशी मधली अवस्थाही असते. तिला सौम्य बौद्धिक क्षीणता म्हणतात, आणि त्या अवस्थेतील प्रत्येकाला पुढे डिमेन्शिया होतोच असे नाही.

रक्ततपासणीत थायरॉइड, बी-१२, साखर, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड व यकृताचे कार्य एवढे होते. वडील मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेतात आणि त्या औषधाने बी-१२ कमी होऊ शकते. त्यांचे ते कमी निघालेही. इंजेक्शने सुरू झाली. कमतरता भरून काढायलाच हवी, पण हेच एकमेव कारण निघेल या आशेवर राहू नका, असे डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितले. जुना एमआरआय त्यांनी पडद्यावर उघडून आमच्यासमोर पाहिला. पडल्यानंतर कवटीखाली साचलेले रक्त किंवा गाठ नाही ना, हे आधी पाहिले. मग स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग दोन्ही बाजूंनी आकसलेला दिसतो आहे आणि मेंदूच्या खोल भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या पांढऱ्या खुणा आहेत, हे बोट ठेवून दाखवले. त्याच फिल्म आधीच्या डॉक्टरांनीही पाहिल्या होत्या, ही गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही.

पेट स्कॅन करून घ्यावा का, असे मी डॉक्टरांना विचारले, कारण त्याविषयी बरेच वाचले होते. ॲमिलॉइड पेटमध्ये अल्झायमरशी निगडित ॲमिलॉइड या प्रथिनाचा मेंदूतील साठा दिसतो हे खरे. परंतु हा साठा लक्षणांच्या अनेक वर्षे आधीपासून जमू लागतो आणि स्मृती पूर्णपणे ठीक असलेल्या बऱ्याच वृद्धांमध्येही तो आढळतो, त्यामुळे केवळ स्कॅनवरून निदान करता येत नाही, आणि वडिलांच्या बाबतीत निकाल कसाही आला तरी उपचार बदलणार नव्हते. रक्तातील पी-टाऊ या अल्झायमरशीच निगडित दुसऱ्या प्रथिनावर आधारित तपासणीला अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली आहे. तिलाही हाच तर्क लागू, असे त्या म्हणाल्या. अपोई या जनुकाची तपासणीही त्यांनी सुचवली नाही, कारण त्या जनुकाचा एक प्रकार धोका वाढवतो, आजार ठरवत नाही. अनावश्यक तपासणी नाकारणारा डॉक्टर मिळणे हे भाग्यच म्हणायचे, आणि नकाराची कारणे समजावून सांगणारा त्याहूनही विरळा.

निदान सांगण्याची पद्धत मला सर्वांत आवडली. अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांचा मिश्र डिमेन्शिया, सुरुवातीच्या टप्प्यातला, असे निदान झाले, आणि ते वडिलांना सांगायचे की नाही यावर घरात मतभेद होते. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला ठेवून सरळ वडिलांनाच विचारले की तपासण्यांत जे दिसले ते तुम्हाला ऐकायचे आहे का, किती ऐकायचे आहे. वडिलांनी हो म्हटल्यावर साध्या शब्दांत, आजाराचे नाव घेऊन, त्यांनी सांगितले, आणि आज तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकता, तेव्हा आर्थिक व्यवहार, मृत्युपत्र आणि पुढच्या उपचारांविषयीची इच्छा या गोष्टी आताच लिहून ठेवा, असा सल्ला दिला. लवकर निदान होण्याचा याहून मोठा लाभ मला तरी दिसत नाही, कारण हे निर्णय घेण्याची क्षमता पुढे उरत नाही आणि मग इतरांना अंदाज बांधत बसावे लागते.

औषधांबाबत त्यांनी मोजकेच पण नेमके सांगितले. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही तीन औषधे एकाच कुळातली. मेमँटिन वेगळ्या मार्गाने काम करते आणि मध्यम ते तीव्र अवस्थेत वापरतात. यांपैकी कोणतेही औषध आजार थांबवत नाही. काही रुग्णांमध्ये लक्षणे काही काळ थोडी आटोक्यात राहतात, काहींना फरक पडत नाही. नाडीचा वेग कमी होणे, मळमळ, जुलाब, वजन घटणे, विचित्र स्वप्ने पडणे हे पहिल्या कुळातील औषधांचे दुष्परिणाम, म्हणून मात्रा वाढवण्याआधी त्यांनी ईसीजी काढून घेतला आणि वजनाची नोंद ठेवायला सांगितली. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात ही औषधे उपयोगाची नसतात, उलट अस्वस्थता वाढू शकते. लेकॅनेमॅब आणि डोनॅनेमॅब या नव्या औषधांविषयी बातम्या वाचून आमच्याही आशा जागल्या होत्या. अमेरिकेत पहिल्याला २०२३ मध्ये आणि दुसऱ्याला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. शिरेतून देण्याची ही औषधे मेंदूतील ॲमिलॉइड काढून टाकतात. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्के कमी वेगाने झाली, परंतु मोजपट्टीवरचा प्रत्यक्ष फरक लहान होता, गेलेली स्मृती परत येत नाही, आणि मेंदूला सूज येणे किंवा सूक्ष्म रक्तस्राव होणे हा धोका असल्याने पुन्हापुन्हा एमआरआय करावे लागतात. वडील रक्त पातळ करणारे औषध घेतात आणि त्यांच्या मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या आधीच आजारी आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी हा मार्ग नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छपणे सांगितले.

येथवर मी या सेवेला मनापासून दाद देते. यापुढचे चित्र वेगळे आहे.

काही महिन्यांनी वडिलांना संध्याकाळी अस्वस्थ वाटू लागले. ते घरातच असताना घरी जायचे म्हणून दाराशी उभे राहत, आईवर संशय घेत, रात्री झोपत नसत. पुढच्या भेटीची तारीख लांब होती, आणि मधल्या काळात फोन केला तर तो वेळ नोंदवणाऱ्या खिडकीवर उचलला जातो, तेथील व्यक्ती निरोप घेते आणि त्या निरोपाचे पुढे काय होते ते कळत नाही. अखेर भेट झाली तेव्हा डॉक्टरांचा सल्ला उत्तमच होता : आधी बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, कोठे दुखते का, दिवसा किती झोपतात हे पाहा; दुपारी उजेडात फिरवून आणा; खोलीतला दिवा अंधार पडण्याआधी लावा; घरी जायचे म्हणाले तर वाद न घालता त्या घराविषयी बोलते करा. मनोविकारांवरील शामक औषधे त्यांनी टाळली, कारण डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ पासून दिलेला आहे, आणि लेवी बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखे औषध जिवावर बेतू शकते. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल तरच, अल्प मात्रेत आणि थोड्या काळासाठी, असा त्यांचा नियम आहे. सल्ला योग्य होता, पण तो आईला ज्या आठवड्यांत हवा होता त्या आठवड्यांत मिळाला नाही. अशा प्रश्नांसाठी फोनवर बोलू शकणारी एखादी प्रशिक्षित परिचारिका असती, तर डॉक्टरांचाही वेळ वाचला असता.

आईकडे कोणाचेच लक्ष नाही, ही दुसरी उणीव. काळजी घेणाऱ्याची झोप, पाठदुखी, चिडचिड, एकटेपणा यांविषयी विचारण्याची पद्धत या क्लिनिकमध्ये नाही, आणि आईने होऊन सांगावे तर ती वडिलांसमोर बोलणार नाही हे उघड आहे. पहिल्या भेटीत जे वेगळे संभाषण झाले, ते पुढच्या भेटींमध्ये झाले नाही. गाडी चालवणे केव्हा थांबवावे, हा विषय आम्हीच काढला. गिळताना ठसका लागणे, अंथरुणाला खिळणे, नळीने अन्न देण्याचा प्रश्न, शेवटच्या टप्प्यातील सुखकर काळजी या विषयांवर अद्याप एकही शब्द निघालेला नाही. आजाराचा टप्पा सुरुवातीचा असल्याने हे विषय टाळले असतील, पण मृत्युपत्राचा सल्ला ज्या मोकळेपणाने दिला त्याच मोकळेपणाने हेही बोलता आले असते.

जागेविषयी एवढेच सांगते की प्रतीक्षागृह गोंगाटाचे आहे, भिंतीवरच्या दूरचित्रवाणी संचाचा आवाज कोणी कमी करत नाही, सगळे दरवाजे सारखे दिसतात, आणि स्वच्छतागृह शोधताना वडील एकदा चुकीच्या खोलीत शिरले. स्मृतीच्या रुग्णांसाठीच चालणाऱ्या ठिकाणी हे शोभत नाही. दिलेल्या वेळेपेक्षा उशीर नेहमीच होतो; आत गेल्यावर पूर्ण वेळ मिळतो म्हणून तो मी सोसते, पण वडिलांना सोसत नाही.

आम्हा भावंडांना हा आजार होईल का, हे विचारायचे धाडस भावाने केले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले आहेत आणि ते सगळे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबणीवर पडू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणे, उपचार न केलेला दृष्टिदोष, एकाकीपणा हे त्यांतले काही. डॉक्टरांनी यादी वाचून दाखवण्याऐवजी भावाचा रक्तदाब तेथेच मोजला.

ज्यांना अशा क्लिनिकमध्ये जायचे आहे त्यांनी बदलांची तारखांसह टिपणे, सर्व औषधे, जुने स्कॅन प्रत्यक्ष सीडीवर आणि रुग्णासोबत राहणारी व्यक्ती एवढे नक्की न्यावे. माणूस काही तासांत किंवा दिवसांत अचानक गोंधळला, भलतेच बोलू लागला, सुस्तावला, तर मात्र अशा क्लिनिकच्या वेळेची वाट पाहू नये. ते बहुधा डिलिरियम असते, त्यामागे संसर्ग, सोडियम कमी होणे, औषध किंवा पक्षाघात असू शकतो, आणि त्यासाठी तातडीच्या विभागातच जावे लागते.

आम्ही क्लिनिक सोडलेले नाही. सहामाही तपासणी आणि औषधांचे निर्णय या न्यूरोलॉजिस्टकडेच ठेवले आहेत. झोप, पोट, पडणे, गिळणे आणि आईचे प्रश्न यांसाठी एक वृद्धरोगतज्ज्ञ पाहतात, ज्या फोनवर उपलब्ध असतात. ही वाटणी जमली ती क्लिनिकच्या निदानपत्रामुळे : त्यात आजाराचा प्रकार, टप्पा, चाचण्यांचे निष्कर्ष, बंद केलेली औषधे आणि ती बंद करण्याची कारणे, आणि कोणती औषधे देऊ नयेत, हे सारे दोन पानांत लिहिलेले आहे. नव्या डॉक्टरांनी ते वाचून झाल्यावर आम्हाला पुन्हा पहिल्यापासून काही सांगावे लागले नाही.